चाव्या आधी टेबलावर

बापू,

पंचकमिटीवर तुझं नाव आलं, चांगलं झालं. फोनवर बोललो असतो, पण हे सगळं फोनवर सांगून तुझ्या डोक्यात राहणार नाही, म्हणून लिहून पाठवतो. भुसावळला रेल्वेत जेवढी हयात गेली, जवळजवळ तेवढीच मंडळीच्या मीटिंगांत गेली. जळगाव काय नि धुळं काय, नव्या पंचापुढे एक गोष्ट पहिल्या वर्षातच येते. पलीकडच्या मंडळीचा पाळक आपल्या नाताळच्या कार्यक्रमात बोलला तर चालेल का? त्यांच्या उपास-प्रार्थनेला आपली माणसं जातात, थांबवायचं का? आपल्यातलीच चार घरं वेगळी बसायला लागलीत, त्यांना काय म्हणायचं? कोणीतरी बाकावर हात आपटून विचारेल, ‘एकदाच सांगा, त्यांच्याबरोबर आहोत की नाही?’

या प्रश्नाला हो-नाही उत्तर देऊ नकोस. ‘कशापुरतं?’ असं उलट विचार.

मंडळ्यांचं एकत्र असणं बऱ्याच पायऱ्यांचं असतं. मयतीला जाणं ही एक पायरी. पुरात, दुष्काळात धान्य वाटणं दुसरी. मग नाताळची फेरी, एकत्र प्रार्थना, आपलं व्यासपीठ दुसऱ्याला देणं, प्रभुभोजन एकत्र घेणं, आणि सगळ्यात वर एका खात्यात पैसा नि एका ट्रस्टवर सह्या. प्रत्येक पायरीची अट वेगळी आहे. मयतीला अटच नाही. तुझी पणजी अहिराणीत म्हणायची, भांडा, पन मयतले जा. धान्य वाटताना हिशेब सरळ असला की पुरे, तिथं कोणाचा बाप्तिस्मा बुडवून झाला नि कोणाचा शिंपडून हे विचारायचं कारण नाही. व्यासपीठाचं मात्र तसं नाही. तिथं जो उभा राहतो तो आपल्या नावावर आपल्या लोकांशी बोलतो, म्हणून तो काय शिकवतो हे पाहिल्याशिवाय माईक द्यायचा नाही. ज्याला व्यासपीठ देत नाही त्याच्याबरोबर रक्तदान शिबिर घेता येतं. यात दुटप्पीपणा नाही. मतभेद ज्या पायरीवर आहे त्याच पायरीवर थांबायचं, खालच्या पायऱ्या तोडायच्या नाहीत.

कॅथोलिकांचंच बघ. प्रभुभोजन आपण एकत्र घेत नाही, तेही आपल्याला देत नाहीत, आणि यात कोणी कोणाचा अपमान केला असं मानायचं कारण नाही. पण कब्रस्तानाच्या कुंपणासाठी नगरपालिकेत अर्ज द्यायचा तर फादरांची सही आपल्या सहीशेजारी हवीच. जानेवारीत १८ ते २५ ख्रिस्ती ऐक्याचा प्रार्थनासप्ताह असतो, त्यात एखादी संध्याकाळ एकत्र बसलं तर कोणाची शिकवण बुडत नाही.

आता चाव्यांचं. शिकवणीवरून वाद पेटला आहे असं ज्या मीटिंगमध्ये सांगितलं जाईल, तिथं चर्चेआधी चर्चच्या चाव्या, चेकबुक, पावतीपुस्तकं आणि ट्रस्टची फाइल टेबलावर मधोमध ठेवायला सांग. मग दोन्ही बाजूंना विचार, हे सगळं तुम्हा दोघांनाही मिळणार नाही असं धरलं, तरी तुम्ही वेगळे व्हाल का? खोलीत जी शांतता पसरते तिच्यातून पुष्कळ कळतं. माझ्या पाहण्यात ज्या मंडळ्या फुटल्या त्यांत पुढे पवित्र आत्म्याचं नाव होतं, बाप्तिस्म्याचं नाव होतं, आणि मागे रस्त्यालगतचा प्लॉट, सचिवाची खुर्ची नाहीतर मोडलेल्या सोयरिकीचा राग होता. खरा शिकवणीचा वाद असला तर माणसं हात रिकामे ठेवून निघतात. असे मी थोडेच पाहिले, पण पाहिले.

चावीपायी काय होतं त्याचा दाखला लांब शोधायला नको. आपल्या नवापूरच्या सीमेपलीकडे दक्षिण गुजरातेत आणि इकडे डहाणूला चर्च ऑफ द ब्रदरेनचं जुनं काम. २९ नोव्हेंबर १९७० ला नागपुरात चर्च ऑफ नॉर्थ इंडिया, आपण सीएनआय म्हणतो ते, स्थापन झालं. अँग्लिकन, काँग्रिगेशनल-प्रेस्बिटेरियन, बॅप्टिस्ट, डिसायपल्स, ब्रिटिश परंपरेचे मेथडिस्ट आणि हे ब्रदरेन असे सगळे एक झाले. पण गुजरातेतल्या ब्रदरेनांपैकी काहींना ते विलीन होणं मान्य नव्हतं. मिळकत कोणाची यावर कोर्ट सुरू झालं आणि निकाल सुप्रीम कोर्टात २०१३ साली लागला. कोर्टाने सांगितलं की नोंदणीकृत ट्रस्टची मालमत्ता नुसत्या विलीनीकरणाच्या ठरावाने दुसऱ्याकडे जात नाही, कायद्यातली रीत पाळावी लागते. सीएनआयची बाजू हरली. कोण बरोबर होतं त्यात मी शिरत नाही. पण एकत्र येण्यापासून निकालापर्यंत त्रेचाळीस वर्षं मोज. ज्यांनी १९७० ला हात वर करून मत दिलं असेल, त्यांतले किती जण निकाल ऐकायला होते? पौलाने करिंथकरांना भावाला कोर्टात ओढल्याबद्दल पहिल्या पत्राच्या सहाव्या अध्यायात फटकारलं आहे. ते सगळ्यांना पाठ असतं. तरी वकीलपत्रावर सही करताना कोणाला आठवत नाही.

त्याच १९७० मध्ये अमेरिकन परंपरेच्या मेथडिस्टांनी ऐन वेळी अंग काढून घेतलं. वर्षानुवर्षं बोलणी झाली होती, तरी त्यांनी शेवटी नाही म्हटलं. लोकांना राग आला. पण त्यांनी लग्न लागण्याआधी नाही म्हटलं, नंतर नाही. नको वाटतंय तर सह्या होण्याआधी बोल, एवढं त्यातून घे.

म्हणून पहिल्या महिन्यात एक काम कर. आपला ट्रस्ट कोणत्या नंबरवर नोंदला आहे, विश्वस्त म्हणून आज कागदावर कोणाची नावं आहेत आणि त्यातले किती जण वारले आहेत ते बघ. विश्वस्त बदलले की नव्वद दिवसांत धर्मादाय कार्यालयात चेंज रिपोर्ट द्यायचा असतो, सार्वजनिक ट्रस्टच्या कायद्यातल्या कलम २२ प्रमाणे. आपल्याकडे तो वर्षानुवर्षं राहून जातो आणि मग भांडण झालं की दोन्ही गट दोन वेगळे रिपोर्ट घेऊन धावतात. प्रॉपर्टी कार्डावर नाव कोणाचं आहे तेही बघ. कितीतरी ठिकाणी जमीन अजून जुन्या मिशनच्या किंवा लांबच्या मध्यवर्ती ट्रस्टच्या नावावर असते आणि स्थानिक लोक मात्र मालकीच्या भाषेत भांडत असतात. ट्रस्टची स्थावर मिळकत विकायची किंवा लांब मुदतीने भाड्याने द्यायची तर कलम ३६ खाली आधी परवानगी लागते. हे माहीत असलेला एक माणूस मीटिंगमध्ये बसला असला की अर्धं फुटीरपण जागच्या जागी विरतं.

आपल्या खानदेशात दुसऱ्या मंडळीला ‘चुकीच्या शिकवणीचे’ म्हणण्याआधी जरा मागचं बघावं. तुझे पणजोबा अलायन्समध्ये का आले? त्यांनी चार पंथांची शिकवण तपासून निवड केली होती असं तुला वाटतं का? पूर्वेकडे भुसावळ, जळगाव, पाचोरा, चाळीसगाव या रेल्वेच्या पट्ट्यात ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्सचं काम होतं, पश्चिमेकडे धुळं, नंदुरबार, नवापूर भागात स्कँडिनेव्हियन अलायन्स मिशन, म्हणजे १९४९ पासून ज्याला टीम म्हणतात ते, आणि स्वीडिश मिशन. मिशनांनी आपापसात भाग वाटून घेतले होते, एकाच्या भागात दुसऱ्याने शिरायचं नाही. म्हणजे पणजोबा चाळीसगावऐवजी साक्रीला जन्मले असते तर आपण दुसऱ्या मंडळीचे झालो असतो आणि आज तिकडच्या बाकावर बसून इकडच्यांना नावं ठेवत असतो. ही सोय होती, शिकवणीची लढाई नव्हती. तरी तीन पिढ्यांनी तिला धर्मसिद्धांताचा मान दिला.

आणि अलायन्स तरी कुठून आली? ए. बी. सिम्प्सन न्यूयॉर्कमध्ये एका चांगल्या प्रेस्बिटेरियन मंडळीचा पाळक होता. बाप्तिस्म्याबद्दल त्याचं मत बदललं, गरीब परदेशी मजुरांना मंडळीत घ्यायची त्याची ओढ बाकीच्यांना पेलेना. १८८१ मध्ये त्याने राजीनामा दिला. चर्चवर हक्क सांगितला नाही, माणसं ओढून नेण्याचा आग्रह धरला नाही. पुढे हीच अलायन्स १९०७ च्या सुमारास अन्य भाषा बोलण्याच्या प्रश्नावर हादरली. ते दान देवाचं असू शकतं असं तिनं मानलं, पण ते नसेल तर आत्मा मिळालाच नाही असं म्हणायला ती तयार झाली नाही. काही जण बाहेर पडले, त्यांतले कित्येक पुढे असेंब्लीज ऑफ गॉडमध्ये गेले. आज जळगावात नव्या फेलोशिपांवरून जो वाद चालतो तो शंभर वर्षं जुना आहे, तो आपण शोधून काढलेला नाही, हे दोन्ही बाजूंच्या तरुणांना सांग. त्यांचा आवाज थोडा खाली येतो.

याच गोष्टीत पंडिता रमाबाईंकडे बघावं असं मला नेहमी वाटतं. केडगावच्या मुक्ती मिशनात १९०५ साली मोठी जागृती झाली, मुली रडू लागल्या, मोठ्याने प्रार्थना करू लागल्या, काही अन्य भाषांत बोलू लागल्या. बाहेरून टीका झाली. रमाबाईंनी ते दाबलं नाही आणि सगळ्यांवर लादलंही नाही. त्याआधीची त्यांची गोष्ट तर तुझ्या कामाला फार उपयोगी आहे. १८८३ मध्ये इंग्लंडात वाँटेज इथं त्यांचा बाप्तिस्मा झाला. पुढे तिथल्याच मठातल्या सिस्टर जेराल्डिनबरोबर पत्रांतून वाद सुरू झाला. कोणती शिकवण मानायची, कोणाच्या आज्ञेत राहायचं, लहान लेकीला, मनोरमेला, धर्म कोणी शिकवायचा, सगळ्यावर. रमाबाई हटल्या नाहीत, कोणत्याही एका पंथाच्या चाकोरीत बसल्या नाहीत. पण त्या वादाच्या दिवसांत एकुलती एक लेक वाँटेजच्या त्याच सिस्टरांकडे राहत होती. ज्याच्या शिकवणीच्या अधिकाराला मान तुकवायची नाही त्याच्या हाती पोर सोपवता येते, एवढा विश्वास. आपल्याकडे उलटं असतं. शिकवण तीच, पण पोरांना एकमेकांच्या संडे स्कूलला पाठवणार नाहीत.

दुसरा दाखला कवी नारायण वामन टिळकांचा. त्यांनी १९१७ मध्ये अमेरिकन मिशनची नोकरी सोडली आणि साताऱ्यात देवाचा दरबार काढला. त्यात बाप्तिस्मा न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांनाही जागा होती. ही लहान गोष्ट नव्हती. मी त्या वेळी पंच असतो तर कदाचित मलाही ते पटलं नसतं, मंडळीला दार हवं नि दाराला उंबरा हवा असं मी म्हणालो असतो. दोन वर्षांत, १९१९ मध्ये, ते गेले. दरबार फार पुढे गेला नाही. पण आज कुठल्याही मराठी मंडळीत जा, उपासना संगीत उघड, टिळकांची गाणी सीएनआयवाले म्हणतात, अलायन्सवाले म्हणतात, टीमवाले म्हणतात. माणूस वेगळा झाला तरी त्याची गाणी पुस्तकातून फाडायची नसतात. गाण्यांवरूनही रुसणारे भेटतील तुला, त्यांना चहा पाज.

किरकोळ म्हणजे काय, हेही ठरवून घे. लग्नात हळद लावायची का, मंगळसूत्र घालायचं का, ढोल वाजवायचा का, शनिवार पाळायचा की रविवार. रोमकरांच्या पत्राचा चौदावा अध्याय अशाच गोष्टींसाठी आहे. आपल्याकडचं अवघड उदाहरण कानबाई देवीच्या सणाचं. नव्याने विश्वासात आलेल्या माणसाला श्रावणात भाऊबंद रोट खायला बोलावतात. रोट म्हणजे साधं जेवण नाही, तो भाऊबंदांचाच मान असतो, आणि न खाणं म्हणजे कुळातून उठणं. एक पाळक म्हणतो, शिवायचं नाही. दुसरा म्हणतो, भावाच्या घरी बसून भरीत-पुरी खा, रोट नको म्हण, आणि का ते शांतपणे सांग. मला दुसऱ्याचं पटतं. पण पहिल्याबरोबर मी प्रभुभोजनाला बसतो, आणि एवढ्यावरून मंडळी वेगळी काढणाऱ्याला मी मत देणार नाही.

मग कुठे थांबायचंच? येशू कोण, यावर. त्याला देवाचा पुत्र न मानता फक्त गुरू, संदेष्टा किंवा एखादा देवदूत मानणाऱ्यांना व्यासपीठ नाही. शेजारधर्म आहे, गोडीगुलाबी आहे, व्यासपीठ नाही. यावर जास्त लिहीत नाही, ते तुला येतं.

जास्त लिहायला हवं ते पुढच्यावर. आरोग्यसभेत कोणी वक्ता इन्सुलिन बंद करा, गोळ्या फेका, विश्वास ठेवा असं म्हणाला तर त्या सभेला आपलं नाव, आपली सतरंजी, आपला हार्मोनियम काही द्यायचं नाही, आणि ते त्याच दिवशी लोकांना स्पष्ट सांगायचं. इथं दोन-तीन मीटिंगा वाट बघायची नसते. खानदेशातल्या ख्रिस्ती कामाने नवापूर तालुक्यात चिंचपाड्याला दवाखाना उभारला, प्रार्थना आणि औषध एका छपराखाली ठेवलं. त्या वारशात गोळ्या फेकणारा बसत नाही. शिवाय चमत्काराचा दावा करून लोकांना फसवणं, सापाच्या-कुत्र्याच्या चाव्याला दवाखान्यात जाऊ न देणं, हे २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यात गुन्ह्यात येतं. तिथं ख्रिस्ती म्हणून सूट नाही.

तसंच पोरींवर, पोरांवर हात टाकण्याचं. कोणीतरी मत्तयाचा अठरावा अध्याय काढेल, आधी एकट्याने समज द्या, मग दोघं-तिघं जा. बापू, तो अध्याय भावा-भावातल्या अपराधासाठी आहे. अल्पवयीन मुलाच्या बाबतीत पोक्सो कायद्याने, २०१२ च्या, माहिती असून पोलिसांना न कळवणं हाच गुन्हा आहे. आधी पोलीस, मग पंचकमिटी. आणि ज्या मंडळीने असा पाळक माहीत असून दुसऱ्या गावी पाठवून दिला, तिच्याबरोबर एकत्र कार्यक्रम बंद, ती चूक कबूल करून दुरुस्त करेपर्यंत.

पैशाचंही खुलं ठेव. परदेशी मदत घेणाऱ्या संस्थेबरोबर काम करायचं असलं तर परदेशी मदतीच्या कायद्यातल्या २०२० च्या दुरुस्तीनंतर त्यांना तो पैसा दुसऱ्या संस्थेला पुढे देता येत नाही, हे लक्षात ठेव. ‘तुमच्या खात्यातून जाऊ द्या थोडे’ असं कोणी कितीही प्रेमाने म्हणालं तरी नाही म्हण. हिशेब न दाखवणाऱ्या मंडळीबरोबर प्रार्थना कर, खातं उघडू नकोस.

मतभेद सांगायची रीत असते. एका वेळी एकच मुद्दा, कागदावर, तारीख घालून, ज्याला सांगायचं त्यालाच. तीताच्या पत्रात दोनदा समज द्यायला सांगितलं आहे. समज म्हणजे व्यासपीठावरून टोमणा नव्हे, आणि व्हॉट्सअॅप ग्रुपवर वचन टाकणं तर नव्हेच. दोन समजांमध्ये निदान एक सुगी जाऊ दे. पौल आणि बर्णबा यांचा मार्कवरून खटका उडाला, ते वेगवेगळ्या वाटांनी गेले, आणि दोन्हीकडे काम झालं. पुढे तुरुंगातून पौलाने त्याच मार्कला बोलावून घेतलं. भांडणारे लोक प्रेषितांच्या कृत्यांच्या पंधराव्या अध्यायावर थांबतात, तीमथ्याच्या दुसऱ्या पत्रापर्यंत जात नाहीत.

त्या चार घरांना वेगळं व्हायचंच असेल तर त्यांना शिव्याशापात घालवू नकोस. मंडळीचं पत्र दे. त्यांनीही आपल्या नावाशी मिळतंजुळतं नाव ठेवू नये, आपल्या माणसांच्या घरी जाऊन मेंढरं पळवू नयेत, एवढं लिहून घे. त्यांना एक गोष्ट आठवणीने सांग, कारण उत्साहात कोणी विचार करत नाही. ख्रिस्ती लग्न १८७२ च्या कायद्याने लागतं आणि ते लावणाऱ्याकडे तसा अधिकार किंवा परवाना लागतो. नव्या फेलोशिपचा भाऊ उत्तम संदेश देत असेल, पण त्याने लावलेल्या लग्नाचा दाखला पासपोर्टच्या वेळी अडतो आणि मग पोरगी रडत जुन्या पाळकाकडे येते. तेव्हा आपल्या पाळकाने तिचं लग्न लावायला नकार द्यायचा नाही, हे आजच मिनिट्समध्ये घालून ठेव. वेगळं झालेल्यांच्या लेकरांचं लग्न, आजाऱ्याची भेट आणि मयत या तीन गोष्टी दोन्हीकडे चालू राहतील असा ठराव दोन्ही कमिट्यांनी एकाच दिवशी करावा.

सगळ्यांनी एकत्र येऊन काय करता येतं हेही दाखवत जा, नाहीतर पंच म्हणजे फक्त दारं बंद करणारा असं तरुणांना वाटतं. यवतमाळला १९५३ मध्ये वेगवेगळ्या इव्हँजेलिकल मिशनांनी मिळून युनियन बिब्लिकल सेमिनरी काढली, १९८३ ला ती पुण्याला गेली. ती चालवणारे सीएनआयसारखे एका मंडळीत विलीन झाले नाहीत. पाळक तयार करण्यापुरते एकत्र आले, बाकी ज्याचं त्याचं. खानदेशात असं एखादं काम शोध. जळगाव आणि धुळ्याच्या मंडळ्यांनी मिळून कॉलेजच्या पोरींसाठी एक वसतिगृह चालवलं तर कोणाच्या शिकवणीला बाधा येत नाही.

पुढच्या मीटिंगला ट्रस्टच्या शेड्यूल एकचा उतारा घेऊन जा. सचिवाकडे सापडला नाही तर धर्मादाय कार्यालयात नकलेचा अर्ज करून मिळतो, थोडी फी पडते, ती मंडळीच्या पेटीतून नको, तूच भर. विश्वस्तांच्या यादीत अजून माझं नाव असलं तर ते काढायचा चेंज रिपोर्टही लगेच करून टाक, सहीला मी येतो. पाळकसाहेबांना आणि घरच्या सगळ्यांना सलाम सांग.

तुझा,
नानामामा